कोल्ह्याचे दात

परवा पायाच्या जखमेसाठी हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली उघडली आणि त्या वासासरशी परदेशातल्या डीमन गावातलं आमचं लॉकडाऊनमधलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर उभं राहिलं.

माझी लेक ईरा तेव्हा बारा वर्षांची होती. समुद्राकाठच्या वाळूच्या टेकड्यांमध्ये तिला कोल्ह्याची कवटी सापडली होती. पेरॉक्साइडमध्ये भिजून ती पांढरीशुभ्र झाली होती. सुटे झालेले दात ईराने माझ्या चहाच्या गाळणीत धुतले होते आणि आता ती चिमट्याने एकेक दात जागच्या जागी चिकटवत होती.

आदल्याच दिवशी पुण्यात बाबा करोनाने गेले होते. भारतात जाणारी विमानं बंद होती. दादा स्वतःच आजारी होता. मी त्याला फोनवर विचारलं, "अस्थी आणायला कोण जाणार?"

"कोणालाच सोडत नाहीयेत गं," तो म्हणाला.

फोन ठेवला आणि मी ईरावर ओरडले, "सुतकात घरात हाडं? काढ ते सगळं!"

"आई, बट इट्स क्लीन नाऊ," ती हळूच म्हणाली.

मी कवटी, दात, गाळणी, सगळं पिशवीत कोंबून खाली कचऱ्यात टाकून आले. ईरा रडली नाही. चिमट्यात राहिलेला एक दात तिने मुठीत घट्ट धरून ठेवला होता.

बाबांच्या अस्थी कोणी वेचल्या, की वेचल्याच नाहीत, हे आम्हाला कधीच कळलं नाही. त्या दिवशी आमच्यात अस्थी मायेने वेचणारं एकच माणूस होतं, आणि मी नेमकी तिच्यावरच ओरडले.