ओट्यावरचा कोरा चहा

माझं बाळ बारशाआधीच गेलं. पुढच्या महिन्यांचं मला फारसं काही आठवत नाही. स्वयंपाक करायचे, जेवायचे, झोपायचे. गावाहून बाळंतिणीचे डिंकाचे लाडू आले होते. डबा भरलेला होता म्हणून मी ते खाल्ले.

आम्ही तेव्हा नांदुऱ्याला होतो. हे कापसाच्या जिनिंग कारखान्यात कारकून. आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षी महाराष्ट्र झाला होता, आणि कोकणातून इथवर येणं म्हणजे त्याच राज्यात राहणं, असं हे मला समजावायचे. मला तसं कधी वाटलं नाही. गल्लीतलं बोलणं निम्मं कळायचं, निम्म्याला मी मान हलवायचे.

अंग सुटत गेलं. बांगड्या मनगटात रुतायला लागल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी यांना सांगितलं, "वजन उतरल्याशिवाय दुसऱ्या मुलाचा विचार नको. पचन मंदावलंय यांचं. दूधसाखरेचा चहा बंद. कोरा द्या, त्यानं चरबी जळते."

मी चौथीत शाळा सोडलेली. डॉक्टर म्हणतात म्हणजे जळत असणार. आणि कोरा चहा मला नवा नव्हताच. आमच्याकडे दूध पोरांनाच पुरत नसे, मोठी माणसं गुळाचा कोरा चहा पिऊन कामाला जात. इथं गूळही वर्ज्य, एवढाच फरक. तोंडाला चव नव्हतीच, त्यामुळे तोही जाणवला नाही.

खोलीत आढ्याला पाळण्याची कडी होती. म्हणून मी काचेचा पेला घेऊन बाहेर ओट्यावर बसायचे. सकाळी आणि दुपारी.

मग हळूहळू लक्षात आलं की बायका माझ्याशी बोलत नाहीत. नळावर मी गेले की आवाज खाली यायचे. समोरच्या काकूंचा वांग्यांचा मळा होता. आधी त्या आत येऊन, माझ्या बोलण्याची नक्कल करून, भाजी देऊन जायच्या. आता टोपली ओट्यावर ठेवून न बोलता परत फिरायच्या. मी मनात अर्थ लावला. लेकरू गेलेली बाई. हिची सावली नको.

"आपण गावी जाऊ या," मी यांना म्हटलं.

"तिथं नोकरी कोण देणार आहे?"

ते खरंच होतं. पण या गल्लीत असंच राहायचं असेल तर मी किती दिवस तग धरेन, याची मला भीती वाटायला लागली.

काकूंची लेक पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती. तिच्या ओटीभरणाचं बोलावणं करत काकूंची सून कुंकवाची वाटी घेऊन घरोघर फिरली. शेजारच्या दारात थांबली, आमचं दार सोडलं आणि पलीकडच्या दारात गेली. मी हातात पेला घेऊन बघत होते.

संध्याकाळी रिकामी टोपली द्यायला म्हणून मी काकूंकडे गेले. म्हटलं, "काकू, माझ्या हातून काही चुकलं का?"

"तुयं काय चुकणार वो? सुतक फिटू दे, मंग ये ना."

"सुतक? ते कधीच फिटलं."

काकूंनी टोपली खाली ठेवली. "मंग रोज कोरा चहा कायले पिऊन राह्यली, साऱ्या गल्लीले दिसंल असा?"

"वजन कमी करायला. डॉक्टरांनी सांगितलंय."

"व माय." त्या खालीच बसल्या. "पोरी, आमच्याकडं मयताच्या, गमीच्या घरीच बिनदुधाचा चहा पेतात. आम्ही म्हटलं, हिच्या मुलखात लेकराचं सुतक लय दिवस पाळत असतीन. म्हून कोणी बोलावेना. बोललं तं तुले रडू येईन, म्हून मी भाजी ठेवूनच परत फिरत होती."

मला रडू आलं नाही. यायला हवं होतं, असं मात्र वाटलं.

मग काकूंना हसू आवरेना. "चहा पेऊन कोणी बारीक होते काय? मायाच बुढा पाह्य. दिवसभर चहा पेते, अन् पोट पाह्य त्याचं."

"मी कोरा कुठं पेतो?" काका आतून म्हणाले.

"तुमी चूप बसा जी."

त्यांनी दूध घालून, भरपूर साखर टाकून चहा केला आणि पेला माझ्या हातात दिला. "आता हा घेऊन ओट्यावर बस. साऱ्याले दिसू दे."

डॉक्टरांचं मोडतंय हे मला कळत होतं. तरी मी बसले आणि सावकाश प्यायले. येणाऱ्याजाणाऱ्या बायकांनी पेल्याकडे पाहिलं. दिवेलागणीला सून कुंकवाची वाटी घेऊन आली. "उद्या या बरं, वैनी."

कोरा चहा मी पुढेही प्यायले, पण चुलीपाशी, दार लोटून. वजन थोडंफार उतरलं. चहानं की आपोआप, कोण जाणे.

ओटीभरणाला मी मागे दाराजवळ बसले होते. काकू म्हणाल्या, "तिथं काऊन? पुढं ये."

मी त्यांच्या लेकीच्या ओटीत तांदूळ घातले, नारळ ठेवला. मनात काहीच आलं नाही, दुःख नाही की दुसरं काही. मी उठून बाजूला झाले, तशी सतरंजीवरची एक बाई जराशी सरकली आणि हातानंच तिनं मला शेजारची जागा दाखवली.