आक्कांचे हात थांबले तेव्हा

आक्का देवळात आल्या की आधी पदरातून कापसाची पुरचुंडी काढत, मग मांडी घालत. प्रवचन सुरू झालं की वातीही सुरू. श्रावणात महादेवापुढे लाख वाती लावायचा त्यांचा नेम होता, त्यामुळे वर्षभर हात चालूच. तुम्हीही असे हात पाहिले असतील. पण येळ्ळूरच्या आमच्या गल्लीत त्या हातांची धास्ती होती. बुवा रटाळ बोलू लागले की ताटलीत वाती भराभर पडत, आणि बोलणं काळजाला भिडलं की हात थांबत. बाहेरगावचे बुवासुद्धा मधूनच चोरून आक्कांच्या हातांकडे बघत.

"बघूया तरी, देव काय पळून जात न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कुणी काहीही नवीन आणलं की आधी हे.

मी त्यांच्याकडे गेलो तो तक्रार घेऊन. माझी सई तेव्हा दहावीला होती. जपानी कार्टून बघायची आणि वह्याच्या वह्या भरून तसलीच चित्रं काढायची. एकदा डोकावलो तर पडद्यावर शिंगांचा राक्षस, आणि आमची मुलगी त्याच्यासाठी रडतेय! आमच्या घरात रोज संध्याकाळी आरती होते. माझं डोकंच फिरलं. वह्या माळ्यावर टाकल्या, लॅपटॉप कपाटात कोंडला. त्याला आठ दिवस झाले होते आणि सई माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. जेवायची, ताट उचलायची, निघून जायची. मुलगी हातची जातेय, या भीतीने मला झोप येत नव्हती. आक्कांनी एकदा "वाईट" म्हटलं की मी बरोबर ठरेन, एवढीच आशा होती.

"आक्का, असलं बघू नको म्हणून तुम्हीच सांगा तिला."

"बघितल्याबिगर नको म्हणायला मी काय सरकार हाय व्हय रं? लाव ते. बघूया तरी, देव काय पळून जात न्हाय."

रविवारी दुपारी त्या पुरचुंडी घेऊन आमच्याकडे आल्या. मी कपाटातून लॅपटॉप काढून सईपुढे ठेवला. बोलणं जपानी, खालची अक्षरं इंग्रजी. आक्कांना दोन्ही येत नव्हतं. म्हणून सईला सांगावं लागलं. आधी तुटक तुटक, मग रंगात येऊन. पुढे तर राक्षसही थेट आमच्या गल्लीतलं बोलू लागला, "कुठं निघालीस गं, थांब की वाईच!" मी स्वयंपाकघरात उभा राहून तिचा आवाज ऐकत होतो. आठ दिवसांनी.

पहिल्या मालिकेला वाती सरसर पडल्या. "ह्ये नको," आक्का म्हणाल्या. "पोरींच्या अंगावर कापड न्हाय, आन् गोष्टीला बूड न्हाय."

"मलाबी न्हाय आवडत ते," सई म्हणाली. मग तिने राक्षसाची गोष्ट लावली.

"ह्यो असा का झाला गं?"

"गावानं हाकललं त्याला, आक्का. ल्हानपणापासनं कुणी दारात उभं केलं न्हाय."

"आन् ती पोरगी?"

"ती रोज त्याला जेवण नेती. आता बघा, पयल्यांदाच हात जोडून जेवतोय."

मी दारातून आक्कांकडे पाहिलं. कापूस मांडीवर तसाच होता आणि हात थांबले होते. डोळे पुसायलाही हलले नाहीत.

संपल्यावर त्यांनी मला हाक मारली. "काढ त्या वह्या खाली. पोरीला राकीसाची कीव येती, आन् तुला भ्या वाटतंय व्हय? फुडच्या टायमाला तूबी बस हितं."

मी स्टुलावर चढलो. सईने खालून स्टूल धरलं. "सावकाश, बाबा," एवढंच म्हणाली. छातीवरचं ओझं उतरलं माझ्या. डोळे भरून आले होते, म्हणून धूळ झटकायच्या निमित्ताने जरा वेळ वरच थांबलो.

यंदा माघात आक्का गेल्या. लाखाला थोड्या वाती कमी पडल्या होत्या. त्यांच्या सुनेने उरलेला कापूस सईला आणून दिला.

परवा सई लॅपटॉपसमोर बसून वाती वळत होती आणि मी पेपर वाचत होतो. मध्येच तिचे हात थांबले. मी पेपर बाजूला ठेवला आणि खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसलो.