न हलवलेला कप

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही. त्यामुळे थोडे दिवस परदेशी राहून प्रवासवर्णन लिहायला बसणं हा माझा आगाऊपणाच. वाचणाऱ्यांनी तो पोटात घालावा.

शारजात अल नहदाला बहिणीकडे उतरलो होतो. मामू मला तिथून त्याच्या कामाच्या गावी घेऊन गेला. टॉवर संपले, वाळू लागली, मग उघडेबोडके तपकिरी डोंगर. गाव शारजाचं, पण चहूबाजूंनी फुजैरा ही दुसरी अमिरात. कागदपत्रांसाठी डोंगर ओलांडून शारजाला जायचं. दवाखाना, वाणसामान शेजारच्या फुजैरात.

"शारजानं रस्ता फर्स्टक्लास दिला," मामू म्हणाला. "त्याच रस्त्यानं सगळे शहरात गेले."

खजुरीच्या झाडांमागे चांगली घरं, दारांना कुलपं. मला आमचं श्रीवर्धनकडचं गाव आठवलं. तिथली कुलपं इकडे आखातात आलेल्यांची.

उघडी होती फक्त मजलिस (पाहुण्यांची बैठक). आत मामूचे म्हातारे अरबाब (मालक) बसले होते. मुलगा त्यांना शहरात न्यायला टपलेला. पण पाहुणा कधीही येईल, दार लावायचं नाही, असा त्यांचा हट्ट. म्हणून कोणी येवो न येवो, मामू रोज गहवा (वेलचीची कडू कॉफी) करतो.

त्यानं माझा छोटा कप भरला. मी संपवला, त्यानं पुन्हा भरला. नको म्हणणं उद्धटपणाचं वाटून मी पीत राहिलो. तोंड कडू झालं.

"अरे बाला, कप हलव!" मामू हसायला लागला. "नाही हलवलास तर मी संध्याकाळपर्यंत ओतत राहीन."

"रहने दो," अरबाब म्हणाले. "बहुत दिन बाद कोई बैठा है." मग मला विचारलं, "अगले जुम्मे आओगे?"

"कॉलेज है, अरबाब. वापस जाना है."

"तो आज और पियो."

मी कप पुढे केला. हलवला नाही.

परत आलो. वर्गात कोणी दुबईबद्दल विचारलं की मला बुर्ज आठवत नाही, ते उघडं दार आठवतं. अरबाबांचं काय झालं, हे मी मामूला विचारायचं टाळत होतो.

काल त्याचा व्हॉइस मेसेज आला. मजलिस बंद झाली, मामूला दुबईत मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पवर वॉचमन म्हणून पाठवलं. "मुलगा गाडी घेऊन आला, तेव्हा मी गहवा ओतला," मामू सांगत होता. "अरबाबनं एकच कप घेतला, आणि हलवला."