पाहुण्यांसमोर साखर

अकरावीत असताना मला टाइप वन डायबेटीस झाला. घसा सतत कोरडा पडायचा, ड्रेस ढगळ होत चालले होते आणि घरचे म्हणत होते, अभ्यासाचा ताण असेल. शरीरात इन्शुलिन तयार होणं थांबलंय, आता ते जन्मभर बाहेरूनच घ्यावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. आईने एवढंच विचारलं, "लग्नाच्या वेळी सांगावं लागेल का?"

तेव्हापासून मी जेवणाआधी आतल्या खोलीत जाऊन, दार लोटून, पोटात सुई टोचून घ्यायचे. पाहुणे असले की आई सांगायची, "हात धुवायला गेलीये."

शिकून हिंजवडीत नोकरीला लागले आणि स्थळं येऊ लागली. पहिले पाहुणे कोथरूडला आमच्या घरी आले तो रविवार मला अजून आठवतो. मुलाच्या वडिलांचा फोन आला, "कर्वेनगरात पोचलोय, आलोच." आई म्हणाली, "त्यांच्यासमोर ते सुईचं नको. आत्ताच घेऊन टाक." पोहे तयार होते, लगेच खायचेच आहेत म्हणून मी इन्शुलिन घेऊन टाकलं.

आणि ते काही येईनात. रस्ता खणलेला होता, गाड्या अडकल्या होत्या. साडी नेसून मी उपाशीच पलंगावर बसून राहिले. तळहात ओले झाले, छाती धडधडू लागली. मला वाटलं, पहिल्यांदाच कोणीतरी बघायला येतंय, धाकधूक होणारच. साखर कमी झाली की नेमकं असंच होतं, हे मला इतक्या वर्षांत पाठ झालेलं होतं. पण त्या दिवशी दोन्हीतला फरकच कळेना. तपासायचं यंत्र आईने पाहुण्यांच्या नजरेला पडू नये म्हणून कपाटात वर कुठेतरी ठेवलेलं.

पाहुणे आले. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर गेले. मुलाच्या आईने विचारलं, "ऑफिसला जायला किती वेळ लागतो तुम्हाला?" प्रश्न ऐकू आला, पण त्याचा अर्थ लागेना. मी तिच्याकडे नुसती बघत राहिले. बश्या किणकिणायला लागल्या.

आईने ट्रे काढून घेतला, मला खुर्चीत बसवलं आणि चहासाठी ठेवलेल्या भांड्यातली साखर चमच्याने माझ्या तोंडात घातली. एक चमचा, मग आणखी. "चाव," ती म्हणाली, "चाव गं." सगळे बघत होते. मग पाहुण्यांकडे वळून तिने शांतपणे सांगितलं, "हिला डायबेटीस आहे. लहान वयातला. इन्शुलिन घेते. हे आम्ही आधी सांगायला हवं होतं."

मुलाची आई उठून माझ्या शेजारी बसली, पदराने माझं कपाळ टिपलं. वडील म्हणाले, "आमच्या उशिराने झालं हे." मंडळी चांगली होती. दोन दिवसांनी त्यांचा नकार आला, तोही अगदी गोड शब्दांत.

पण मला जास्त आठवते ती त्यांच्या जाण्यानंतरची संध्याकाळ. डोकं ठणकत होतं, अंगातली सगळी ताकद गेली होती. आई पायाशी येऊन बसली. मग म्हणाली, "साखर उतरते तेव्हा आत काय होतं गं तुला?"

इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. साखर किती आली, काय खाल्लंस, एवढंच विचारायची. मी सांगितलं, की आवाज लांबून येतात. माणसं ओळखीची असतात, पण आपण त्यांच्यात नसतो. आणि भीती वाटते, की या वेळी परत येता आलं नाही तर. ती ऐकत होती. "एकटीच घाबरत होतीस," ती म्हणाली आणि तिला रडू आलं. मग मलाही.

पुढच्या प्रत्येक स्थळाला आईने पहिल्याच फोनवर सांगून टाकलं. बऱ्याच जणांनी पुन्हा फोन केला नाही. एका बाईंनी विचारलं, लहानपणी गोड फार खायची का? आई म्हणाली, "नाही. तुमच्याइतकंच." आणि फोन ठेवून दिला.

माझं लग्न पुढे ऑफिसातल्याच एकाशी झालं. कँटीनमध्ये मी सुई टोचताना त्याने पाहिलं आणि विचारलं, दुखतं का? नाही म्हणायची सवय होती. त्याला मी म्हटलं, "हो, कधीकधी दुखतं."