बर्फातली नळी

“पोरगी नवीन हाय, बर्फाचं विसरली असंल. त्यानं फुगलाय आकडा,” पडद्यापलीकडं मामा माझ्याबद्दल लॅबच्या डॉक्टरांना सांगत होते. मी नळ्यांवर लेबलं चिकटवत राहिले.

मामा म्हणजे धाराशिवमधल्या आमच्या छोट्याशा लॅबचे सर्वांत जुने तंत्रज्ञ. रक्ताची त्यांच्याइतकी बडदास्त ठेवणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात नसेल. त्यातही होमोसिस्टीनची, म्हणजे हृदयाचा धोका सांगणाऱ्या तपासणीची, नळी म्हणजे मांडवात आलेला जावई. ती लगेच बर्फात गेली पाहिजे, लगेच मशीनमध्ये फिरली पाहिजे; नाहीतर लाल पेशी नळीतच होमोसिस्टीन सोडत राहतात आणि आकडा खोटाच वाढतो. एकदा माकणीहून नमुने आणताना डब्यातला बर्फ वितळला, तर मामांनी रसवंतीपुढं स्कूटर थांबवली. “किती ग्लास?” रसवाल्यानं विचारलं. “रस नको, बर्फ द्या. पेशंट गरम होतोय,” मामा म्हणाले. त्यानं घाबरून अर्धी लादीच दिली, वर पाण्याचा तांब्याही पुढं केला.

रिपोर्ट न्यायला आलेला माणूस त्यांच्या तावडीतून सहज सुटत नाही. “आपल्या पेशींत एक एन्झाइम असतंय. दिवसभर झाडलोट करतंय, रक्तवाहिनीचं अस्तर खराब होऊ देत न्हाय. ह्ये होमोसिस्टीन लई वाढलं की त्याच्या हातातला झाडूच काढून घेतंय. मग हृदयाला घोर.” त्या एन्झाइमचं नाव ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज. ते मला सगळ्यांसमोर म्हणावं लागतं. “आमच्या मॅडम इंग्लिश शाळेतल्या हायत. म्हणा, मॅडम.” मी खाली बघत पुटपुटते आणि मामा असे मान डोलावतात, जणू त्याचं बारसं मीच केलं. मग ते वाढू नये म्हणून दूध, दही, पालेभाज्या यांवर प्रवचन. स्वतः मात्र कोऱ्या चहावर आणि बिस्किटांवर जगतात, शिवाय आठवड्याला तीन उपास. जिना चढताना धाप लागली, तर दोष गवंड्याचा: “पायऱ्या उंच बांधल्यात.”

त्या धापेमुळंच परवा डॉक्टरांनी त्यांचं रक्त घ्यायला लावलं. हजारो हातांना सुई लावलेल्या मामांनी स्वतःचा हात पुढं करून तोंड भिंतीकडं फिरवलं. ती नळी मी बर्फात खुपसली, पाच मिनिटांत फिरवली. होमोसिस्टीन चांगलंच वाढलेलं निघालं. आज सकाळी रिपोर्ट बघून, हृदयाच्या डॉक्टरांना आजच दाखवून या, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मामांना बर्फ आठवला.

“बरं, मग पुढच्या महिन्यात रक्त परत तपासू आणि मगच ठरवू,” पडद्यापलीकडून डॉक्टरांचा आवाज आला.

मामा बाहेर आले. माझ्याकडं न बघता त्यांनी बिस्किटांचा पुडा माझ्या टेबलावर ठेवला. “राग मानू नको, पोरी,” ते हळूच म्हणाले. “त्या हृदयाच्या डॉक्टरकडं जायचं म्हटलं की माझं पाय उचलंना.”

तान्ह्या बाळाची शीर डोळे मिटून शोधणारा तो हात पुड्याचा कागद उगाच सरळ करत होता. मला वाटलं, गप्प बसणं मला छान जमतं; आजही जमेल. मग मी उठले आणि पडदा बाजूला केला. मामा माझ्या मागंच उभे होते.

“सर, नळी बर्फातच होती,” मी म्हणाले. “मला मामांनी शिकवलंय.”