आंधळ्या कुत्र्याची बाग

सन १९४८चा उन्हाळा. मी बावीस वर्षांचा. बीबीसाहेब ओढणीने स्वतःचे डोळे करकचून बांधून बागेत माझ्यापुढे चालत होत्या. एक हात पुढे, नाक वर. काटा टोचला की थांबायच्या. "माली, ये निकालो. मेरेकू लगा तो चलता, उसकू नक्को."

तो म्हणजे नवाब, त्यांचा म्हातारा कुत्रा. दोन्ही डोळ्यांनी आंधळा. हिमायतनगरच्या त्या बंगल्यात या विधवा बाई एकट्याच राहायच्या. नमाजाच्या घरात कुत्रा चालत नाही, म्हणून बाग हेच नवाबचं घर. आणि त्या घराच्या मधोमध बिनकठड्याची विहीर.

मी शेतकऱ्याचा पोरगा, शाळा दुसरीपर्यंत. पण मातीतलं मला कोणी शिकवलेलं खपत नाही. म्हणालो, "बीबीसाहेब, आमच्या गावात कुत्र्याला भाकरी टाकतात, बाग नाही लावत."

"तुमारे गाँव का कुत्ता देखता ना, मियाँ," त्या म्हणाल्या, आणि सुटलेली ओढणी पुन्हा बांधली.

अशी वासाने वाट दाखवणारी बाग तुम्ही पाहिली नसेल. पायरीपाशी मोगरा, म्हणजे घर आलं. वाटेच्या दोन्ही कडांना मरवा. विहिरीभोवती सब्ज्याचं दाट कडं, म्हणजे इथून मागे फिर. कण्हेर मुळासकट काढायला लावली, कारण पान चघळलं तर जनावर मरतं. गुलाब गेले कुंपणापलीकडे. मग बीबीसाहेब रोज सब्ज्यापाशी बसायच्या. नवाब आला की हळूच म्हणायच्या, "बस, राजा." तो तोंड वर करायचा, शेपूट हलवायचा आणि वळायचा.

पोलीस ॲक्शन झाली, निजामी गेली. एका दुपारी त्यांचा भाऊ टांगा घेऊन आला, आत्ताच्या आत्ता निघा म्हणाला. कुत्र्याला घ्यायला तो तयार नव्हता. टांग्यात बसताना बीबीसाहेब मला एवढंच म्हणाल्या, "उसकू बांधना नक्को. बावडी में गिरने देना नक्को."

"माझ्यावर सोडा," मी म्हटलं.

हिवाळ्यात त्याच टांगेवाल्याकडून कळलं. मुंबईत जहाजाची वाट बघता बघता बीबीसाहेब तापाने गेल्या.

बंगल्यात एक सरकारी साहेब राहायला आले. म्हणाले, "हे रान उपट. कुत्र्याला साखळी घाल."

"साखळी घालणार नाही."

"तू माळी आहेस की मालक?"

"माळी आहे, म्हणूनच सांगतोय."

त्यांनी दुसरा गडी लावला. संध्याकाळपर्यंत विहिरीभोवतीचा सब्जा काडीन्‌काडी गेला, वर मुरूम पडला. मी फाटकाशी होतो. बघतो तर नवाब मरव्याच्या वासावर विहिरीकडे निघालेला. धावलो, पण अंतर फार होतं. विहिरीच्या अगदी तोंडाशी तो थांबला. तोंड वर केलं, शेपूट हलवलं आणि शांतपणे माघारी वळला.

तिथे वास नव्हता. कोणी नव्हतं. मी भुतंखेतं मानत नाही, आजही नाही. पण मानेवरचे केस उभे राहिले ते राहिलेच. काम माझ्यावर सोपवलेलं, आणि मेल्यावरही ते बीबीसाहेबांनाच करावं लागावं, हे काही मला पटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुरपं साहेबांच्या पायरीवर ठेवलं, नवाबला कोकरासारखं खांद्यावर घेतलं आणि अफझलगंजला माझ्या खोलीकडे चालू लागलो. नाक्यावरचा पानवाला हसला, "क्या मियाँ, दुल्हन लारे क्या?" सबंध रस्ताभर नवाबचं तोंड माझ्या खांद्यावरून मागे वळलेलं होतं, कान टवकारलेले. मी एकदाही मागे पाहिलं नाही.