हळकुंड बांधलेला बुके

इंदू गेल्याचा फोन आला तेव्हा मी नारायणगावच्या बाजारात टोमॅटो निवडत होते. तिचा पुतण्या बोलत होता. "मावशी, काकू गेली. चहा ठेवला अन् बसल्या जागीच..." मी टोमॅटो परत पाटीत ठेवले आणि जीपच्या थांब्याकडे चालू लागले. इंदूचं गाव, निमगाव सावा, येईपर्यंत जीपमध्ये गाणी चालू होती. त्याचा मला फार राग आला. आता काही आठवडे झाले. लोक म्हणतात, सवय होते. मला तरी तसं काही दिसत नाही.

इंदू माझी शाळेपासूनची मैत्रीण. लेक पल्लवी लहान असतानाच इंदूचा नवरा गेला. शेवंतीच्या वावरावर तिनं लेकीला शिकवलं, पुण्यात नोकरीला लावलं. गेल्या वर्षी पल्लवीचं लग्न ठरलं आणि इंदूच्या वाट्याला काय काय येणार नाही ते मला न विचारताच कळलं. हळद लावायची नाही, ओटी भरायची नाही. विधवेनं लग्नघरात राबायचं, पण शास्त्राच्या वस्तूला हात लावायचा नाही, अशी त्यांच्या घरची रीत. मला ती कधी पटली नाही. इंदू मात्र ती पाळत आली.

मग पल्लवीनं बुकेचं काढलं. हॉलमध्ये येताना हातात धरायला. "पण आई, लई इंग्लिश नको. आपला वाटला पायजे." मी चेष्टा केली, "हातात हार असणार, मग बुके काय बगलेत धरणार?" इंदू हसली नाही. पोर पुण्याला गेल्यावर मला म्हणाली, "बुकेला काय शास्त्र न्हाई गं. तो कुणीबी द्यावा. मीच बांधते अन् मीच तिच्या हातात देते." तिला स्वतःसाठी काही हवंय, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पल्लवीला तिनं कळू दिलं नाही, दुकानात सांगितलाय म्हणून थाप मारली.

दुकानात मात्र आम्ही खरंच गेलो. ऑर्किड, जरबेरा, चमकी मारलेले गुच्छ... "हे स्टेजवर ठिवायचं झालं," म्हणून तिनं सगळे बाजूला सारले आणि फक्त लाल डच गुलाब घेतले. बाकी घरचं. पांढरी शेवंती, मरवा, कडेनं आंब्याची पानं, दांड्याला हिरवा खण. तरी तिला तो परकाच वाटत राहिला, म्हणून शेवटी पिवळ्या दोऱ्यानं एक हळकुंड बांधलं, कंकणात बांधतात तसं. देखणा झाला होता.

लग्नाच्या दिवशी कार्यालयात नवरीच्या खोलीच्या दाराशी इंदूच्या थोरल्या जाऊबाईंनी तो पाहिला. बाई दुष्ट नाही, बोलली तीही मायेनंच. "हळकुंड बांधलंस व्हय? मंग हे शास्त्राचं झालं. आण इकडं, मी देते. मनाला लावून घेऊ नगं." इंदूनं दोरा सोडून पाहिला, पण गाठ पक्की आणि हॉलमधून नवरीला बोलवा म्हणून गडबड. "द्या तुमीच," म्हणून ती भटारखान्याकडे निघून गेली. मागाहून मला म्हणाली, "नुसती फुलं बांधली असती तर चाललं असतं. हौस मलाच." आणि बजावलं, "पोरीला सांगू नगंस. चुलतीवर राग धरून नांदायला जायची."

मी सांगितलं नाही. दहाव्याचं जेवण आटोपल्यावर पल्लवी माझ्याशेजारी बसली. म्हणाली, "मावशी, आईला माझं बुकेचं फॅड आवडलं नव्हतं ना? काकूनं आणून दिला. आई बघायलासुद्धा आली न्हाई. मग मीबी वर्षभर तिच्याशी जरा तोडूनच वागले." आता झाकून ठेवण्यात काय अर्थ होता... मी सगळं सांगितलं.

मग ती आईच्या खोलीत गेली. खुंटीवर इंदूचं रोजचं पातळ होतं. ते मांडीवर घेऊन पल्लवी कॉटवर बसून राहिली. दिवे लागले तरी उठेना, म्हणून मी चहा घेऊन गेले. तिनं वर पाहिलं नाही. एवढंच म्हणाली, "छान झालता गं बुके. हे मी कुणाला सांगू आता?"